सोलापुरात भाड्याच्या घरात राहताना: मालकांशी बोलणं, करार, डिपॉझिट आणि आपले हक्क (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी वकील नाही. चोवीस वर्षांत सोलापुरात सहा घरं बदलली, एवढीच माझी पात्रता. सुरुवात बाळीवेशीजवळच्या एका वाड्यातल्या दोन खणांत झाली, सध्या जुळे सोलापुरात आहे. मधल्या काळात ओळखीतले लोक विचारत राहिले, मी माहिती काढत राहिलो, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकिलाकडेच जा.

मी भाडेकरू आहे की लिव्ह अँड लायसन्सवाला? फरक काय पडतो?

सगळ्यात आधी याच प्रश्नाचं उत्तर शोधा, कारण पुढची बरीचशी उत्तरं यावर बदलतात. बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आपल्याकडचा मुख्य कायदा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या वाड्यात, चाळीत वडिलांच्या काळापासून महिना दोनशे-चारशे भाड्यानं राहणारा माणूस या कायद्यानं खराखुरा भाडेकरू. त्याला घराबाहेर काढायचं तर मालकाला कोर्टात जाऊन कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं: पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, दाव्याआधीचे सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरलीच नाही, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे, वगैरे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो.

विजापूर रोडला, सैफुलला, होटगी रोडला आज जे अकरा महिन्यांचे करार होतात ते बहुतेक सगळे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली. मग मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतात, आणि मुदतीनंतर अडून बसलात तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागू शकते. त्या अर्जाचं समन्स आलं तर ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. हे ३० दिवस ‘बघू की, काय घाई आहे’ म्हणत घालवलेले दोघे तरी मला माहीत आहेत.

तेव्हा करार काढा आणि पहिल्या पानावरचं शीर्षक वाचा.

करार नोटरीकडे शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर केलाय. चालेल ना?

चालतो असं सगळे म्हणतात. कायदा म्हणत नाही. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकांची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणखी एक मजेशीर गोष्ट: नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीवर भागवण्यात खरा धोका मालकांना आहे. हे त्यांना धमकीच्या सुरात सांगू नका. ‘तुमच्याच सोयीचं आहे’ म्हणून सांगा, आणि ते खरंही आहे.

खर्चाला लोक उगाच घाबरतात. हिशेब करून बघू. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं झालं ८८,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते पावणेतीन हजारांच्या आसपास. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर जे काही घेतात ते एजंटचं. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, दोन साक्षीदार लागतात. खर्च निम्मा-निम्मा करा म्हटलं की बहुतेक मालक तयार होतात.

अकरा महिनेच का?

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीचं, म्हणून अकराची सवय पडली. महाराष्ट्रात त्या पळवाटेचा आता उपयोग नाही, पण सवय टिकून आहे. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचाही लिव्ह अँड लायसन्स करार करता येतो. मुलांची शाळा जवळ असेल तर मागून बघा.

सही करण्याआधी काय वाचू?

सगळं वाचा. करार इंग्रजीत असेल आणि नीट कळत नसेल तर मराठीत मागा. पूर्व भागात बरेच मालक तेलुगू बोलणारे, बाळीवेस-कसब्याकडे कन्नड बोलणारे. तोंडी बोलणं तीन भाषांत होतं, करार चौथ्या भाषेत असतो आणि मग प्रत्येकाच्या डोक्यात वेगळीच अट बसलेली असते.

मी चार ठिकाणी बोट ठेवून वाचतो. घर सोडायची नोटीस किती दिवसांची आणि ती दोघांनाही सारखी आहे का. लॉक-इन किती, म्हणजे आधी सोडलं तर किती महिन्यांचं भाडं जाईल. डिपॉझिट चावी देताना परत की ‘नंतर’ परत. आणि रंगकाम कोणाकडे. या शेवटच्या मुद्द्यावरून मी स्वतः पोळलो आहे, ते खाली सांगतो.

घरात बिड्या वळत असाल, शिलाई मशीन किंवा शिकवणी असेल तर तेही आधी सांगून करारात एका ओळीत घालून घ्या. बिड्यांच्या सुपाला सोलापुरात सहसा कोणी नाही म्हणत नाही. यंत्रमाग मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याच्या हादऱ्यानं भिंती बोलायला लागतात, तिथं मालकांचा नकार रास्त आहे.

मालकांशी बोलायचं कसं? तक्रार केली की तोंड वाकडं होतं.

होतंच. आपल्याकडे मालक बहुधा खालच्याच मजल्यावर राहतात. सकाळी रांगोळी काढताना काकू दिसतात, पाणी आलं की अप्पा मोटर लावताना दिसतात. गड्ड्याच्या यात्रेत सहकुटुंब भेटतात. अशा ठिकाणी एकदम ‘नोटीस’ शब्द काढला की संपलं. आणि फक्त तोंडी बोलत राहिलं तर वर्षभरानं ‘तुम्ही कधी सांगितलं ओ?’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

मी करतो ते असं. आधी समोर जाऊन बोलायचं, नेहमीच्या सुरात. वरती आल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, व्हॉट्सॲपवर दोन-चार ओळी टाकायच्या. मागच्या पावसाळ्यात मी टाकलेला मेसेज जसाच्या तसा देतो:

‘काकू, नमस्कार. आज सकाळी तुम्ही वर येऊन बाथरूमच्या स्लॅबची गळती बघितली. येत्या रविवारी गवंड्याला पाठवते म्हणालात. मी रविवारी दिवसभर घरी आहे. तोवर खाली बादली लावली आहे. आजचे दोन फोटो सोबत.’

यात आरोप नाही, कायदा नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. पण मालकांना गळती माहीत आहे, त्यांनी ती डोळ्यांनी बघितली, दुरुस्ती कबूल केली, दिवस ठरला, आणि आपण नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेतली, एवढं सगळं तारखेसह नोंदलं गेलं. काकूंनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. पुरे. ते हात जोडलेलं चित्र म्हणजे मेसेज वाचल्याची पावतीच.

रविवारी गवंडी आला नाही, ते सोडा. सोमवारी दुसरा मेसेज गेला: ‘काकू, काल गवंडी आला नाही. कोणता दिवस जमेल?’ तिसऱ्या मेसेजला आला.

एक पथ्य मात्र पाळा. रात्री दहानंतर, चिडलेलं असताना काही लिहू नका. आणि लांबलचक व्हॉइस मेसेज नको. सहा महिन्यांनी त्यातलं एक वाक्य शोधताना आपलाच जीव जातो.

मालक मेसेजला उत्तरच देत नाहीत. फोनवरच बोलतात.

बोलू द्या. फोन ठेवला की ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे…’ अशी सुरुवात करून तुम्ही लिहा. त्यांनी नाकारलं नाही तर ती नोंद तुमच्या कामाची. मालक स्मार्टफोन वापरत नसतील, तर वहीच्या कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ म्हणून सही घ्या. गोष्ट हाताबाहेर चालली असेल तर स्पीड पोस्टानं, पोहोच पावतीसह. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’ मागत खिडकीवर वाद घालू नका.

दुरुस्ती मालकांनी करायची की आपण?

घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकांचं काम, हे कलम १४ सांगतं. त्यात भाडेकरूच्या हातात एक चांगली गोष्ट दिली आहे. मालक टाळाटाळ करत असतील तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरी वाजवी वेळेत केलं नाही तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा अशी की एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाता कामा नये. वर्षाचं भाडं १२,००० असेल तर ३,००० पर्यंत.

वाड्यातल्या भाडेकरूला हे लागू. लिव्ह अँड लायसन्स असेल तर करारात काय लिहिलंय ते बघा, आणि मालकांचा लेखी होकार आल्याशिवाय भाडं कापू नका. ट्यूब, नळाचा वॉशर, फ्यूज असली किरकोळ कामं आपली. स्लॅब, पत्रा, ड्रेनेज, भिंतीतून जाणारी वायरिंग मालकांची. मधलं जे आहे त्यावरूनच भांडणं होतात. गिझर बिघडला तर कुणाचा? आधी ठरवलं असेल त्याचा.

पाण्याची मोटर बंद ठेवतात, लाईट तोडायची धमकी देतात. काय करू?

सोलापुरात पाण्यावरून छळ करणं सगळ्यात सोपं, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. उजनीत पाणी असो नसो, आपल्याकडे नळ तीन-चार-पाच दिवसांआड. आलेल्या त्या तास-दोन तासांत वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद राहिला की पुढचे चार दिवस हंडा घेऊन फिरा.

कलम २९ या बाबतीत स्पष्ट आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, स्वच्छतेची सोय, या अत्यावश्यक सेवा भाडेकरूच्या मालकांना सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. स्वतः नाही, दुसऱ्याकरवीही नाही. भाडं थकलंय म्हणूनसुद्धा पाणी तोडायचं नसतं, त्यासाठी वसुलीचा दावा आहे. भाडेकरू कोर्टात अर्ज करून सेवा पुन्हा सुरू करून घेऊ शकतो, आणि मालकांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलमातला शब्द ‘भाडेकरू’ आहे, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सवाल्यानं वकिलाला विचारून दिवाणी न्यायालयात मनाईचा अर्ज करावा.

इथं खरी अडचण पुराव्याची. ‘महापालिकेनंच पाणी सोडलं नाही’ हे सबळ कारण आहे, आणि ते खरंही असू शकतं. म्हणून पाण्याच्या दिवशी शेजारच्या घरात पाणी आलंय याचा, आपल्या टाकीचा आणि बंद व्हॉल्व्हचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. असे तीन-चार पाणी-दिवस नोंदवलेले असले की गोष्ट बोलकी होते.

विजेचं बोलायचं तर स्वतंत्र जोडणी मागता येते. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ मध्ये मालकाबरोबर भोगवटादारालाही अर्ज करता येतो असं आहे. राहत असल्याचा पुरावा घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा.

सब-मीटरचं बिल जास्त येतंय. मालक फसवतायत का?

दरवेळी फसवणूक नसते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. एका मुख्य मीटरवर मालकांचे १५० आणि तुमचे ९० युनिट एकत्र झाले की बेरीज २४० होते, आणि तुमचे ९० युनिट स्वस्त टप्प्यात बसायच्याऐवजी महाग टप्प्यात जातात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की खाली-वर दोन्हीकडे कूलर चालतात, मग तर बघायलाच नको.

मार्ग एकच. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सब-मीटरचा फोटो, मुख्य बिलाची प्रत मागायची, एकूण बिल भागिले एकूण युनिट गुणिले आपले युनिट. मालक बिल दाखवत नसतील आणि सरसकट ठोक दर लावत असतील तर मात्र विचारायला हवं.

मालक कधीही घरात येतात. त्यांचंच घर आहे म्हणतात.

घर त्यांचं, ताबा तुमचा. कलम २८ प्रमाणे मालकांना पाहणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी कळवून. दुसरी चावी त्यांच्याकडे असेल तर तसं लिहून ठेवा. एकट्या राहणाऱ्या मुलींनी आतून कडी आणि स्वतःचं कुलूप, यावर अजिबात तडजोड करू नये.

दरवर्षी किती भाडं वाढवता येतं?

जुन्या भाडेकरूला वर्षाला ४ टक्के. भाडं ९०० असेल तर ३६ रुपये. लिव्ह अँड लायसन्सला ही मर्यादा नाही. कराराच्या मुदतीत मात्र करारात नसलेली वाढ मागता येत नाही.

भाडं रोख देतो, पावती मिळत नाही. एचआरएला (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीला) पण देत नाहीत.

पावती देणं मालकांवर बंधनकारक आहे, न देणं दंडपात्र आहे. पण पावतीसाठी भांडण्यापेक्षा यूपीआयवर भाडं टाका आणि शेऱ्यात ‘जून महिन्याचं भाडं’ लिहा. नुसते ८,००० गेले याचा काहीही अर्थ लावता येतो, शेरा असला की लावता येत नाही. रोखच हवं असेल तर छोटी वही ठेवा, दर महिन्याला तारीख, रक्कम, सही.

वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं तर एचआरए घेताना मालकांचा पॅन द्यावा लागतो. तिथं बरेच मालक बिचकतात. घर घेतानाच विचारून टाका, मार्चमध्ये नव्हे. नवीन कर-रचना निवडली असेल तर एचआरएची सवलतच नाही, मग हा वाद कशाला?

वाड्याचे मालक भाडं घ्यायलाच तयार नाहीत. बरंच आहे की!

बरं नाही. ही जुनी युक्ती आहे. वर्ष-दीड वर्ष भाडं घ्यायचं नाही आणि मग थकबाकीवरून दावा लावायचा. भाडं द्यायची तयारी होती हे दाखवणं तुमच्यावर येतं. म्हणून मनिऑर्डर करा, नाकारून परत आली तर ती पावती जपून ठेवा, खाते क्रमांक मिळाला तर खात्यात भरा.

थकबाकीची लेखी नोटीस आली तर घाबरू नका. नोटिसीपासून ९० दिवस गेल्याशिवाय त्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि पुढेही नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही.

डिपॉझिट परत मिळत नाही.

आता माझी गोष्ट. चौथं घर. दोन खोल्या, साडेतीन वर्षं राहिलो. निघताना मालकांनी पंचवीस हजारांतून नऊ हजार कापले. कारण काय, तर रंग आणि ‘भिंतीची हालत’. भिंतीची हालत म्हणजे देव्हाऱ्यावरचा काजळीचा पट्टा, कॅलेंडरचे खिळे आणि मोरीच्या भिंतीला आलेली ओल. ती ओल मी येण्याच्या आधीपासून होती. कपाट सरकवताना पहिल्याच दिवशी दिसली होती, बायको म्हणालीही होती, ‘फोटो काढून ठेवा.’ मी म्हटलं, ‘अगं, माणसं चांगली आहेत.’

माणसं चांगलीच होती. आजही दिसली तर चहा पाजतात. पण नऊ हजार गेले ते गेले, कारण ओल आधीची होती हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

पाचव्या घरात शिरलो तेव्हा सामान टेंपोतच ठेवलं. रिकाम्या घरात दारापासून सुरुवात करून प्रत्येक भिंत, छत, फरशी, नळ, खिडकीची काच, मीटरचा आकडा असा सात मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि तिथंच उभं राहून मालकांना पाठवला: ‘अप्पा, आज घर ताब्यात घेतलं, त्या वेळची स्थिती.’ मोरीच्या दाराला खालून वाळवी होती, ती बोटानं दाखवली. सोडताना अप्पांनी त्याच दाराचा विषय काढला. मी काही बोललो नाही, फोन पुढे केला. पूर्ण डिपॉझिट मिळालं.

कायद्याचं म्हणाल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्येसुद्धा भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा जशी घेतली तशी परत द्यायची, पण वापरानं होणारी वाजवी झीज सोडून, असं धरलं आहे. काजळी आणि खिळे म्हणजे झीज. फोडलेलं बेसिन म्हणजे नुकसान. मात्र करारात ‘सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी’ असं लिहून सही केली असेल तर ते तुम्हीच कबूल केलेलं आहे.

पैसे अडकलेच तर आधी मेसेज, मग लेखी नोटीस, मग दिवाणी दावा, आणि तो तीन वर्षांच्या आत. शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करणारे बरेच आहेत. मालकांनी लेखी हो म्हटलं असेल तरच करा, नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता.

‘उद्या घर खाली करा, नाहीतर सामान बाहेर टाकतो’ म्हणाले.

लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरू, मुदत संपलेली असो की नसो, मालकांना स्वतःच्या हातानं कुलूप ठोकून, सामान बाहेर काढून ताबा घेता येत नाही. ताब्यासाठी रस्ता कोर्टाचा किंवा सक्षम प्राधिकाऱ्याचा.

अंगावर आले तर ११२ ला फोन. पोलिस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं सांगून परत पाठवतात. मालकी-भाड्याचा वाद दिवाणी आहेच, पण दार तोडणं, सामान फेकणं, मारहाण, धमकी दिवाणी नाही. अर्जात तेवढंच लिहा, भाड्याचा इतिहास लिहू नका. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या.

बाहेर काढलंच असेल तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ६ लक्षात ठेवा. बेकायदा ताबा काढून घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला तर ताबा परत मागता येतो, आणि तिथं मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही. सहा महिने म्हणजे सहाच.

वाडा धोकादायक ठरवून महापालिकेनं नोटीस लावली. गेलो तर हक्क गेला का?

दर पावसाळ्याच्या तोंडावर पेठांमधल्या जुन्या वाड्यांना अशा नोटिसा लागतात. मातीच्या भिंती आणि धाब्याची घरं, काही खरोखर पडायला आलेली असतात. काही वेळा मालकांनाही वाडा पडलेलाच हवा असतो, हेही खरं.

जीव आधी. पण घर सोडलं म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. महापालिकेनं इमारत पाडली तरी जमिनीवरचा भाडेहक्क त्यामुळे संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. बाहेर पडण्याआधी तुमच्या खोल्यांचं मोजमाप, फोटो, भाड्याच्या पावत्या, लाईट बिल, रेशन कार्ड सगळं एका पिशवीत घ्या, आणि आपल्या ताब्यात किती क्षेत्र होतं हे महापालिकेला लेखी कळवून पोहोच घ्या. मालकांनी ‘तात्पुरतं सही करा’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर वकिलानं वाचल्याशिवाय सही नको.

मालकांनी घर विकलं. आता?

जुना भाडेकरू नव्या मालकाचाही भाडेकरूच राहतो. लिव्ह अँड लायसन्सला हे संरक्षण नाही: घर घेणारा त्या परवानगीनं बांधला जात नाही. डिपॉझिट जुन्याकडून घ्यायचं की नव्याकडून, हे तिघांनी मिळून लिहून घ्या.

पोलिस व्हेरिफिकेशन कोणी करायचं?

भाडेकरूची माहिती ठाण्यात कळवायची जबाबदारी मालकांची. ऑनलाइनही होतं. त्याची प्रत तुमच्याकडे असू द्या, राहत असल्याचा तो एक पुरावाच.

‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, नवीन कायदा आलाय’ असा मेसेज फिरतोय.

तो २०२१ चा केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा. आदर्श म्हणजे नमुना. राज्यानं स्वीकारला तर त्या राज्यात लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. मालकांना तो मेसेज दाखवून उपयोग नाही, घासाघीस करूनच डिपॉझिट कमी होतं.

वकील परवडत नाही.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची. फोनवर विचारायचं तर १५१००. दावा न लावता दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करून घ्यायचीही तिथं सोय आहे, आणि खाली-वर राहणाऱ्यांच्या भांडणात ती पुष्कळदा जास्त कामाला येते.

जाताना करार, भाड्याच्या नोंदी, मेसेजच्या छापील प्रती तारखेनुसार लावून न्या. एका कोऱ्या कागदावर काय झालं ते दहा ओळींत लिहून वर ठेवा. सकाळी लवकर जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलात तर बाहेरच्या टपरीवर तासभर चहा पीत बसावं लागतं.